जमीन, खाडी आणि नाव

जून २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट ओसरत असताना, ठाणे-रायगडमधली हजारो माणसे एका विमानतळाच्या नावासाठी रस्त्यावर उतरली. विमानतळ तेव्हा बांधूनही झाला नव्हता. एप्रिलमध्ये, नवे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेच्या संचालक मंडळाने नवी मुंबईच्या या विमानतळाला शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा ठराव केला होता. त्याविरुद्ध १० जूनला मानवी साखळी झाली आणि २४ जूनला, प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनावर मोर्चा निघाला. मागणी एकच होती, नाव दिबांचे द्या. त्याच सुमारास बंजारा समाजातून वसंतराव नाईकांचे नाव पुढे आले, कारण नवी मुंबईचा पाया त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात घातला गेला. राज ठाकरे यांचे म्हणणे होते की, हा मुंबईच्याच विमानतळाचा विस्तार आहे, तेव्हा नाव छत्रपती शिवाजी महाराजांचेच राहील.

या चारही नावांमागची माणसे एकमेकांची माहिती खोटी ठरवत नव्हती. दिबांनी शेतकऱ्यांना त्यांच्याच जमिनीत वाटा मिळवून दिला, हे ठाकऱ्यांचे नाव मागणारा शिवसैनिक नाकारत नव्हता. बाळासाहेबांनी मराठी माणसाला मुंबईत ताठ मानेने उभे केले, ही गोष्ट मोर्चातल्या कितीतरी आगरी तरुणांच्या घरात श्रद्धेने सांगितली जात होती. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली तेव्हा मुख्यमंत्री नाईक होते, यावर तर वाद होण्याचे कारणच नव्हते. सगळ्यांच्या हाती माहिती तीच होती. ती कुणाच्या घरात पोचली, कुणाच्या आठवणींना जाऊन भिडली, यावर मत ठरत होते. माणूस कोण आहे आणि कशावर विश्वास ठेवतो, यातून त्याचे राजकीय मत कसे घडते, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यासाठी न्हावा शेव्याचा किनारा निवडला आहे, कारण इतक्या लहान पट्ट्यात इतके मोठे वाद इतकी वर्षे सलग चाललेले आम्हाला दुसरीकडे दिसले नाहीत.

न्हावा आणि शेवा ही मुळात दोन गावे. न्हावा पनवेल तालुक्यातले, शेवा उरण तालुक्यातले. मुंबई बंदराच्या खाडीपलीकडे, घारापुरीच्या शेजारी, भातखाचरे, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणारा हा मुलूख. आगरी, कोळी, कराडी ही इथली मुख्य वस्ती, डोंगराच्या कुशीत कातकरी वाड्या. मुंबईची दाटी कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे ठरले, तेव्हा बेलापूर, पनवेल आणि उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन त्यासाठी धरली गेली. पाठोपाठ मुंबई बंदराचा ताण हलका करण्यासाठी न्हावा शेव्याला नवे बंदर आले. ते २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि नेहरूंच्या जन्मशताब्दीच्या काळात त्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव मिळाले. आज देशातल्या कंटेनर वाहतुकीचा फार मोठा वाटा या एका बंदरातून जातो.

बंदर उभे राहण्याच्या पाच वर्षे आधी जे घडले, त्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. जमिनीच्या भावावरून दिबांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटले होते. १६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळच्या दास्तान फाट्यावर पोलिसांनी गोळीबार केला आणि दुसऱ्या दिवशी नवघर फाट्यावर पुन्हा केला. चिर्ले, धुतूम आणि पागोटे या गावांतले पाच शेतकरी मारले गेले. वसंतदादा पाटील तेव्हा मुख्यमंत्री होते. शेतकऱ्यांचे वसंतदादा आणि शेतकऱ्यांचे दिबा समोरासमोर उभे होते, ही बाब उरणच्या बाहेर फारशी कुणी मनाला लावून घेतली नाही. सांगली-साताऱ्याकडचा शेतकरी स्वतःला शेतकरी म्हणवतो, उरणचा आगरीही म्हणवतो. पण धरणाच्या पाण्यावर, साखर कारखान्याच्या सभासदत्वावर ज्याचे शेतकरीपण उभे आहे, त्याला खाऱ्या पाण्याला बांध घालून पिकवलेल्या भाताचे आणि मिठाचे दुःख लगेच आपले वाटले नाही. एकाच नावाने ओळखली जाणारी माणसे एकाच बाजूची असतातच असे नाही, हे इथे पहिल्यांदा ध्यानात येते.

मुंबईतल्या वाचकाला हे आंदोलन कसे दिसले असेल? बंदर देशाला हवे होते. जहाजे मुंबईबाहेर दिवसेंदिवस नांगर टाकून थांबत होती. अशा वेळी मूठभर गावांनी अडून बसावे का, हा प्रश्न त्याला सरळ आणि निःपक्ष वाटला असणार. माझे मत इथे स्पष्ट मांडायला हवे, कारण पुढचे सगळे लेखन त्यावर उभे आहे. त्या प्रश्नालाही एक ओळख आहे. ज्याची जमीन जात नाही, ज्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला येतो, ज्याच्या घरी बंदराचा अर्थ स्वस्त माल आणि वाढता व्यापार असा आहे, त्याचे ते मत आहे. ते चुकीचे ठरते असे नाही. पण ते कुठूनतरी आलेले आहे, आणि ते कुठून आले हे बोलणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, कारण वर्तमानपत्र, कचेरी, शेजार सगळीकडे त्याच्याचसारखी माणसे आहेत. आगरी शेतकऱ्याला मात्र बोलायला तोंड उघडताच तू कोण, कुठला, कुणाचा, हे सांगावे लागते. ज्याला आपली ओळख सांगावी लागते तो पक्षपाती ठरतो आणि ज्याला सांगावी लागत नाही तो तटस्थ ठरतो. हा अन्याय गेली पन्नास वर्षे या किनाऱ्यावर चालला आहे.

या बाबतीत मानसशास्त्रातले दोन अभ्यास सांगण्यासारखे आहेत. जेफ्री कोहेन या अमेरिकी संशोधकाने २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांपुढे गरिबांना सरकारी मदत देण्याच्या योजना ठेवल्या, एक सढळ हाताची, एक कठोर. आपल्या पक्षाचा पाठिंबा कुठल्या योजनेला आहे एवढे सांगितले की बहुतेक विद्यार्थी त्या योजनेच्या बाजूने जात, मग ती त्यांच्या नेहमीच्या विचारांच्या उलट का असेना. पुढे त्यांना विचारले तर ते म्हणत की पक्षाचा आपल्यावर परिणाम झाला नाही, आपण योजनेचा मजकूर पाहून ठरवले. दुसरा अभ्यास येल विद्यापीठातल्या डॅन काहान आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी लोकांना आकडेवारीचे एक कोष्टक वाचायला दिले. कोष्टक त्वचेच्या मलमाविषयी आहे असे सांगितले तेव्हा गणितात पक्की असलेली माणसे बरोबर उत्तर देत. तेच आकडे बंदूक बाळगण्यावरच्या बंदीविषयी आहेत असे सांगितले, तेव्हा गणितात हुशार माणसांतच फूट सर्वांत जास्त पडली. हुशारीचा वापर त्यांनी आपल्या बाजूची बाब सिद्ध करण्यासाठी केला.

शिक्षण वाढले की माणूस आपोआप निःपक्ष होतो, ही आपल्याकडची फार आवडती समजूत आहे. काहान यांचा अभ्यास तिला धक्का देतो आणि उरण-पनवेलचा इतिहासही देतो. इथल्या वादांत वकील आहेत, अभियंते आहेत, प्राध्यापक आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. प्रत्येकाकडे शासन निर्णयांची फाइल आहे आणि त्यातले परिच्छेद तोंडपाठ आहेत. फाइल जितकी जाड, तितके मत पक्के.

पण एवढ्यावर थांबलो तर आपण या लोकांवर अन्याय करू. ओळखीमुळे माणूस आंधळा होतो, हे अर्धेच खरे आहे. ओळखीमुळेच माणसाला काही गोष्टी आधी दिसतात. जमिनीचा मोबदला एकदाच रोख देऊन भागत नाही, कारण पैसा खर्च होतो आणि शहर मात्र त्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या वाढत राहते, हे नियोजनकारांच्या आधी जासईच्या आणि पागोट्याच्या माणसांना कळले. विकसित जमिनीत वाटा मागण्याची कल्पना त्यातून आली. १९९० आणि १९९४ च्या शासन निर्णयांनी सिडकोच्या क्षेत्रात संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व रुजवले. बंदरासाठी ज्यांची जमीन गेली, त्यांना त्याची पत्रे मिळायला १६ ऑगस्ट २०१४ उजाडला. त्या दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी बंदरात आले होते. गोळीबाराला तेव्हा ३० वर्षे झाली होती. पुढे विमानतळासाठी हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले. आज देशात कुठेही भूसंपादनाची चर्चा निघाली की विकसित भूखंडाची मागणी होते. ही मागणी निःपक्ष तज्ज्ञाच्या टेबलावर जन्मलेली नाही. ती पक्षपाती माणसांची मागणी होती आणि ती बरोबर होती.

म्हणून या पुस्तकात आम्ही एक भेद सतत धरून ठेवला आहे. एक मत सोसण्यातून येते. माणूस जे जगला, ज्याची किंमत त्याने मोजली, त्याचे ते मत असते. दुसरे मत झेंड्याबरोबर येते. आपल्या पक्षाने, जातीने, नेत्याने एक बाजू घेतली म्हणून ते घरात शिरते आणि पुढे आपलेच वाटू लागते. बोलताना दोन्ही तितक्याच तळमळीने बोलली जातात, म्हणून बाहेरून ती ओळखू येत नाहीत. झेंडा बदलल्यावर काय होते ते पाहिले की थोडे उमगते.

रायगड हा दीर्घकाळ शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) बालेकिल्ला होता. त्याची मुळे बरीच खोल आहेत. १९३० मध्ये चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला तो याच उरण तालुक्यात. १९३३ पासून सहा वर्षे चाललेला चरीचा शेतकरी संप अलिबागमधला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखालचा, खोतांविरुद्धचा. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे येऊन गेले. या परंपरेत लाल बावटा हा घरातल्या देवासारखा होता. दिबा याच पक्षाचे. पनवेलमधून पाच वेळा आमदार, दोनदा खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते, संयुक्त महाराष्ट्राच्या आणि सीमाप्रश्नाच्या लढ्यात तुरुंगात गेलेले. उत्तरायुष्यात हेच दिबा काही काळ शिवसेनेत गेले. पनवेलमध्ये शेकापचे खासदार राहिलेले रामशेठ ठाकूर पुढे काँग्रेसमध्ये आणि नंतर भाजपमध्ये आले. त्यांचे पुत्र प्रशांत ठाकूर काँग्रेसचे आमदार झाले, २०१४ पासून भाजपचे. २०२१ मधल्या नावाच्या आंदोलनात दोघे आघाडीवर होते.

बावटे बदलले, निशाण्या बदलल्या, पण १६ आणि १७ जानेवारीला हुतात्म्यांना वंदन करायला सगळे पक्ष येतात. साडेबारा टक्क्यांच्या प्रश्नावर, गावठाणाबाहेर गरजेपोटी बांधलेल्या घरांच्या प्रश्नावर गावातली माणसे पक्षभेद विसरून एका सुरात बोलतात. ही मते सोसण्यातून आलेली आहेत. झेंडा बदलला तरी ती तशीच राहिली. याउलट शहराच्या नामांतराविषयी, मंदिराविषयी, दूरच्या राज्यातल्या एखाद्या कायद्याविषयी याच गावांतल्या माणसांची मते पक्ष बदलताच बदललेली दिसतात. मी हे त्यांना कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतही हेच होते. तिथे सोसण्यातून आलेले मत क्वचित असल्यामुळे तुलना करायला काही हाताशी नसते, एवढेच.

२०२१ मध्ये उरण-पनवेलमधल्या आगरी शिवसैनिकाची अवस्था सर्वांत बिकट होती. गावकी एका बाजूला, शाखा दुसऱ्या बाजूला. त्याच्या मनातली दोन्ही नाती खरी होती. सरकार त्याच्याच पक्षप्रमुखाचे होते. २९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे मंत्रिमंडळाने आपल्या शेवटच्या बैठकीत विमानतळाला दिबांचे नाव देण्याचा निर्णय घेतला. त्याच बैठकीत औरंगाबादचे संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव करण्याचाही निर्णय झाला. पुढच्या महिन्यात नव्या शिंदे सरकारने हे निर्णय नव्याने घेतले आणि ऑगस्टमध्ये विधिमंडळाचा ठराव होऊन प्रस्ताव केंद्राकडे गेला. पुस्तकाचे काम करताना त्या दिवसाचा विचार पुन्हापुन्हा मनात येई. एकाच बैठकीत तीन नावे ठरली. एकाची मागणी ज्यांची जमीन गेली त्या गावांतून वर आली होती, बाकीच्या दोहोंभोवती सगळ्या राज्याचे धर्म आणि इतिहासाविषयीचे वाद गुंफलेले होते. वर्तमानपत्रांत तिन्ही एका मथळ्याखाली आली.

आता खाडीकडे येतो. भूमिपुत्रांची एकजूट असे म्हणताना एक गोष्ट नेहमी झाकली जाते. सातबारा ज्याच्या नावावर आहे, त्यालाच साडेबारा टक्के मिळतात. कोळ्याच्या खाडीला सातबारा नाही. जिताडा, बोय, निवटी, कोलंबी जिथे मिळत, ती जागा गाळ भरून, भराव टाकून गेली, तर कोणत्या दाखल्यावर त्याने मोबदला मागायचा? शेवा कोळीवाडा बंदरासाठी उठवला गेला आणि ती माणसे उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात वसवली गेली. तिथे घरांना वाळवी लागली आणि पुन्हा पुनर्वसन करा ही मागणी करण्यात एका पिढीचे आयुष्य गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. खाडी ही उपजीविका आहे आणि ती हिरावल्याची किंमत मोजावी लागते, हे त्या आदेशाने मान्य केले.

कोळ्याचे विकासाविषयीचे मत आणि भूखंड मिळालेल्या आगरी कुटुंबाचे मत, दोघेही प्रकल्पग्रस्तच असले तरी, एक राहिले नाही. ज्याला भूखंड मिळाला, तो पुढचा प्रकल्प येताना भावाची चौकशी करतो. ज्याला काहीच मिळाले नाही, तो प्रकल्पच नको म्हणतो. खंडाने शेत कसणारा, मिठागरावर मजुरी करणारा, कातकरी वाडीतला माणूस तर दोघांच्याही हिशेबात नाही. उलव्यात, द्रोणागिरीत, खारघरमध्ये कर्ज काढून घर घेणाऱ्याचे मत आणखी निराळे. तो साताऱ्याहून आला असेल, लातूरहून, केरळहून, उत्तर प्रदेशातून. त्याला विमानतळ म्हणजे घराचा भाव आणि मुलाच्या नोकरीची आशा. त्याला भूमिपुत्रांचा मोर्चा वाहतूक अडवणारा वाटतो आणि मोर्चेकऱ्याला तो उपरा वाटतो. दोघांचेही घर सिडकोने आखलेल्या जमिनीवर आहे आणि दोघांनाही सिडकोविषयी तक्रारी आहेत, पण त्या तक्रारी एकत्र मांडायला ते कधी बसलेले नाहीत.

विशेष आर्थिक क्षेत्राच्या वादात हा गुंता थोडा सुटल्यासारखा वाटला होता. मुंबईजवळचा महाकाय प्रकल्प पनवेल, उरण आणि पेण तालुक्यांत येणार होता. एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्यासारखी माणसे आंदोलनात होती. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारने शेतकऱ्यांचे मत आजमावले. जमिनीच्या मालकाला तुम्हाला हे हवे का, असे मतपत्रिकेवर विचारले गेले, ही महाराष्ट्रात विरळाच घडलेली गोष्ट. तेव्हा जात, पक्ष, गाव मागे पडले आणि शेत पुढे आले. पण तिथेही मत विचारले गेले ते शेताच्या मालकालाच.

डहाणूजवळच्या वाढवणला आज हाच इतिहास नव्या रूपात उभा आहे. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने तिथल्या बंदराला नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह संमती दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. बंदर उभारण्यात ७४ टक्के वाटा न्हावा शेव्याचे बंदर चालवणाऱ्या प्राधिकरणाचा आहे. सरकार न्हावा शेव्याकडे बोट दाखवून कंटेनरांचे आकडे सांगते. डहाणूचा मच्छीमार न्हावा शेव्याकडेच बोट दाखवून हनुमान कोळीवाड्याची गोष्ट सांगतो. एका जागेचे दोन पुरावे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. कोणता आधी आठवतो हे माणूस किनाऱ्यावर राहतो की आत, जाळे टाकतो की ट्रक चालवतो, यावर अवलंबून आहे.

पुढचे लेखन जमीन, खाडी आणि नाव अशा तीन भागांत आहे. शेवटून सुरुवात केली तरी हरकत नाही, पण एक विनंती आहे. मुंबई-पुण्याच्या आणि नवी मुंबईतल्या नव्या वस्त्यांमधल्या वाचकांनी खाडीचा भाग आधी वाचावा. उरण-पनवेलच्या गावांतल्या वाचकांनी, ज्यांना हा सगळा इतिहास पाठ आहे, त्यांनी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची आणि कर्जावर घर घेतलेल्यांची मते जिथे नोंदवली आहेत ती पाने आधी उघडावीत. ती वाचताना कुठे राग आला तर तिथे थांबून, हा राग आपल्या स्वतःच्या अनुभवाचा आहे की कुणी आपल्याला दिलेला आहे, एवढे समासात लिहून ठेवावे.